सेव्ह होऊलालंय!

देगलूरला माणसाला चार भाषांत थांबवता येतं. मराठीत 'थांबा की वो', तेलुगूत 'आगंडी', कानडीत 'तडीरी' आणि दख्खनीत 'ठैरो जी'. महाराष्ट्र जिथे संपतो आणि तेलंगण, कर्नाटक जिथे सुरू होतात त्या कोपऱ्यात, नांदेडहून हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव. त्यामुळे थांबवण्याच्या बाबतीत आम्ही तीन राज्यांइतके समृद्ध. पाचवी भाषा गावातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबने आणली. तिच्यात शब्द नाहीत. पडद्यावर एक गोल चक्कर फिरतं, लेकरू दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतं, आणि 'काय रे, काय चाललंय?' असं विचारलं की मान न वळवता सांगतं, "सेव्ह होऊलालंय, सर."

पुण्यात काही वर्षं सर्व्हर सांभाळून गावी परतलेला माणूस म्हणजे पंचक्रोशीचा फुकटचा सल्लागार. त्यामुळे लॅबच्या एचओडी मॅडमचा निरोप मला येणारच होता. तक्रार एका वाक्यात मावण्यासारखी होती: फाईल उघडते लगेच, सेव्ह होत नाही. वाचायला घोडं, लिहायला गोगलगाय. मी म्हटलं, मॅडम, हे आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांबद्दलही म्हणता येईल. त्यावर त्या म्हणाल्या की विद्यार्थ्यांचं वाचायचं घोडं त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

लॅबची रचना साधी. तीसेक मशिनं, सगळ्यांवर लिनक्स. प्रत्येक विद्यार्थ्याचं होम फोल्डर एकाच सर्व्हरवर, म्हणजे कुठल्याही खुर्चीवर बसा, आपल्या फाइली आपल्यासमोर. तो सर्व्हर मॅडमच्या केबिनमध्ये गोदरेजचं कपाट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत उभा. कपाटात मागच्या कित्येक बॅचची जर्नलं. ती पडू नयेत म्हणून कपाटाला सर्व्हरचा टेकू होता, की सर्व्हरला कपाटाचा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

हा सगळा कारभार एनएफएसचा, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टिमचा. दुसऱ्या मशिनीतली डिस्क आपलीच आहे असं वाटायला लावणारी ही युक्ती सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४च्या सुमारास काढली. १९८२ साली ती कंपनी उभी करणाऱ्या चौघांत विनोद खोसला होते, आणि त्यांचा जन्म पुण्याचा. सुरुवातीच्या एनएफएसचा मुख्य गुण असा की सर्व्हर कुणाचीही ओळख ठेवत नाही. दर वेळी नव्याने जायचं, आपण कोण आणि काय हवं ते नव्याने सांगायचं. काम झालं की सर्व्हर आपल्याला विसरला. हा गुण पुण्याच्या जन्माने आला, याबद्दल मराठवाड्यात दुमत नाही. कंपनीने दिलेलं कारण मात्र वेगळं आहे. सर्व्हरने काही लक्षातच ठेवलं नाही, तर तो मध्येच बंद पडून उठला तरी त्याच्या डोक्यातलं काही हरवत नाही. समोरच्याने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहायचं, बस.

पण विसरणाऱ्याने 'लिहिलं' असं सांगायचं असेल, तर सांगण्याआधी ते खरोखर लिहिलेलं असावं लागतं. नाहीतर लाईट गेली की त्याचं म्हणणंही गेलं आणि आपला मजकूरही. आमचं चक्कर फिरत होतं ते याच पायी.

कुठल्याही कचेरीच्या टपाल टेबलावर अर्ज दिलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. अर्ज दिला की आपण पोच मागतो. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीतला कारकून इतका सज्जन, की तो अर्ज घेणार, आवक रजिस्टर उघडणार, नोंद करणार, शाई वाळू देणार आणि मगच आपल्या प्रतीवर शिक्का मारणार. एक अर्ज फार तर आठ केबीचा. मोठी फाईल म्हणजे शेकडो अर्ज, आणि दर अर्जाला तोच विधी. कारकून प्रामाणिक, रांग फाट्यापर्यंत.

१९९५ साली तिसरी आवृत्ती कागदावर आली आणि या टेबलावर व्यवहारज्ञान आलं. कारकून आता म्हणतो, ठेवा कागद इथं, घेतले. शिक्का मारत नाही. आपण आपली दुसरी प्रत पिशवीत जपून ठेवायची. सगळे कागद देऊन झाले की 'कमिट' म्हणायचं. मग तो रजिस्टर एकदाच उघडतो आणि साऱ्या नोंदी एका बैठकीत उरकतो. काम कितीतरी हलकं होतं. खरी करामत पुढेच आहे. दर उत्तरासोबत सर्व्हर एक खूण देतो, तिचं नाव व्हेरिफायर. सर्व्हर बंद पडून उठला की ती खूण बदलते. कागद दिले तेव्हा टेबलामागे एक कारकून होता आणि कमिटच्या वेळी दुसराच बसलाय असं दिसलं, की समजायचं: पहिल्याची बदली झाली, टेबल झाडलं गेलं, आपले कागद रद्दीत. मग वाद न घालता पिशवीतली प्रत काढायची आणि सगळं पुन्हा द्यायचं. बदलीच्या हंगामाचा इतका बारीक विचार केलेला नियम मी शासकीय परिपत्रकातही पाहिलेला नाही.

नांदेडहून देगलूरमार्गे बिदरला रेल्वे न्यावी, ही इथली जुनी मागणी. तिच्यावर 'ठेवा कागद इथं' एवढं उत्तर कैकदा मिळालंय. गावाने पिशवीतली प्रत टाकून दिलेली नाही, दर निवडणुकीला पुन्हा देतं. प्रोटोकॉल आम्हाला कुणी शिकवायला नको.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा उपचार आधीच सुरू झाले होते. सेव्ह न होणारा कॉम्प्युटर हा तापासारखा असतो, रस्त्याने जाणाऱ्यालाही औषध माहीत असतं. फिजिक्सच्या सरांच्या मते दोष स्विचचा होता. ऑफिसातल्या भाऊसाहेबांचा संशय व्हायरसवर. शिपाई मामा म्हणाले, "एकडाव बंद करून चालू करून बगा की," आणि सगळ्यांत स्वस्त सल्ला तोच असल्यामुळे तो सगळ्यांत जास्त वेळा अमलात आला होता. लॅब असिस्टंट जरा अभ्यासू. त्याने कुठलीशी जुनी मार्गदर्शिका वाचून प्रत्येक मशिनीच्या माउंटच्या, म्हणजे सर्व्हरची डिस्क जोडून घेण्याच्या, ओळीत डब्ल्यूसाईज ८१९२ असं हाताने लिहिलं होतं. म्हणजे एका खेपेला किती कागद न्यायचे याचा आकडा. आजचं लिनक्स आणि सर्व्हर आपसांत बोलून एका खेपेला १ एमबीपर्यंत नेतात. त्यांना कुणी काही सांगावं लागत नाही. ह्याने त्यांना पुन्हा आठ केबीवर आणून बसवलं होतं. ट्यूनिंग म्हणून जे काम मी आयुष्यभर केलं, त्यातलं निम्मं आधीच्या माणसाचं ट्यूनिंग काढून टाकण्याचंच होतं.

त्याच ओळीत पुढे 'नोएसी' असंही होतं. देगलूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या छताखाली, स्वतःच्या हाताने 'नो एसी' लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटला. त्याचा अर्थ फाइलींची माहिती क्लायंटने, म्हणजे लॅबमधल्या मशिनीने, जवळ साठवायची नाही, दर वेळी सर्व्हरला विचारायची, असा आहे; आणि त्याच्यासोबत येणारा प्रसाद असा की प्रत्येक लेखन तिथल्या तिथे, पोच घेऊनच पुढे. एका मशिनीवरचा बदल दुसरीवर लगेच दिसावा म्हणून त्याने ते घातलं होतं. बदल लगेच दिसायचा, फक्त तो बदल होतच नव्हता.

ह्या दोन गोष्टी काढल्या. मग वेग मोजू म्हटलं, तर असिस्टंट म्हणाला, मोजलाय सर, डीडीने. डीडी म्हणजे दूरदर्शन नव्हे. लिनक्सवरचा एक कमांड, शून्यांची मोठी फाईल लिहितो आणि किती वेळ लागला ते सांगतो. सर्व्हरवरच चालवून त्याने आकडा वहीत टिपला होता, आणि तो असा दैदीप्यमान होता की त्या वेगाने अणुशक्ती केंद्राचाही कारभार चालावा. गोम एवढीच की डीडीला 'डिस्कवर पक्कं लिहून मग सांग' असं वेगळं बजावावं लागतं. नाही बजावलं तर तो बराचसा मजकूर मेमरीत टाकून हात झटकतो आणि मेमरीचा वेग डिस्कच्या नावाने सांगतो. बजावून पुन्हा चालवला. आकडा एकदम देगलूरचा आला.

नेटवर्क बघायचं म्हणून स्विचकडे गेलो. सर्व्हरच्या केबलच्या टोकाची ती प्लॅस्टिकची जीभ तुटलेली, आणि जॅक सुटू नये म्हणून बसच्या तिकिटाची घडी करून खोबणीत खुपसलेली. तिकीट उदगीरचं होतं. केबल कपाटामागे जिथे वळत होती तिथलं निळं आवरण उंदराने कुरतडून आतल्या तारांचे रंग उघडे पाडले होते. परिणाम असा की गिगाबिटची जोडणी शंभर मेगाबिटवर येऊन बसली होती. म्हणजे सेकंदाला कसेबसे बारा एमबी. ह्या उंदरावरून मला नंतर गणपती आठवला, पण ते पुढे येईलच.

केबल बदलली. लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मोठी फाईल खरंच भरभर जाऊ लागली. पण तीस जणांनी एकदम काम सुरू केलं की चक्कर पुन्हा फिरायला लागलं. असिस्टंटने सर्व्हरवरचे एनएफएसचे थ्रेड, म्हणजे कारकुनाच्या खिडक्या, ८ चे ६४ केले. खिडक्या वाढल्या, पण सगळ्या खिडक्यांच्या मागे रजिस्टर एकच. आणि ते रजिस्टर म्हणजे एक जुनी फिरणारी हार्ड डिस्क.

इथे थोडं गणित करावं लागेल, पण ते चौथीचं आहे. डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एक नोंद पक्की करायची तर साधारण एक फेरा जातो, शिवाय वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या दांडीची इकडून तिकडे धावपळ. फार फार तर सेकंदाला शंभरेक पक्क्या नोंदी. त्यात फाईल सिस्टिमची शिस्त अशी की काही करायच्या आधी ती जर्नलमध्ये टिपून ठेवते. आमची लेकरं वर्षभराचं काम झाल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, मित्राचं बघून जर्नल लिहितात. डिस्कला ती सोय नाही.

पण शंभर नोंदी सेकंदाला, तर तीस विद्यार्थ्यांना पुरायला काय हरकत? दोन-दोन ओळींचे सी प्रोग्रॅम ते. नोंदी मोजायला बसलो तेव्हा चोर सापडला. तो ब्राउझर निघाला. प्रत्येकाने सकाळी आल्याआल्या फायरफॉक्स उघडलेला. फायरफॉक्स आपला इतिहास, खुणा, कुकी हे सगळं छोट्या छोट्या डेटाबेसांत ठेवतो, ते डेटाबेस होम फोल्डरमध्ये, होम फोल्डर सर्व्हरवर, आणि डेटाबेसचा स्वभाव असा की 'पक्कं लिहिलं का? नक्की ना?' असं विचारल्याशिवाय त्याला झोप येत नाही. पोरगं क्रिकेटचा स्कोअर बघत होतं, आणि त्याने स्कोअर बघितला ही घटना कपाटामागच्या डिस्कवर शाई वाळवून नोंदवली जात होती. जो इतिहास कुणी कधी वाचणार नाही तो इतक्या निष्ठेने लिहिणारा दुसरा इतिहासकार मला माहीत नाही.

त्यातच फाईल बंद करण्याचा नियम. क्लायंट लिहिलेलं काही काळ आपल्या मेमरीत धरून ठेवतो, पण फाईल बंद केली की साठलेलं सगळं सर्व्हरला पोचवून, पक्कं करून, मगच सुटका. म्हणजे दुसऱ्या खुर्चीवर कुणी तीच फाईल उघडली तर त्याला ताजी मिळावी. म्हणून एक मोठी फाईल झपकन जाते आणि हजार चिल्लर फाइली दिवसभर जातात. प्रत्येक चिल्लर फाईल जन्मताना एक पोच घेते, बंद होताना एक.

मी मॅडमना सांगितलं की फायरफॉक्सचा पसारा त्या त्या मशिनीच्याच डिस्कवर हलवू आणि सर्व्हरला एक चांगली एसएसडी घेऊ. मॅडम म्हणाल्या, "घेऊ की." हे दोन शब्द आमच्याकडे फार ऐसपैस आहेत.

ते 'घेऊ की' चालू असताना असिस्टंटला स्वस्तातला रस्ता सापडला. सर्व्हरवर कुणाला काय वाटायचं ते लिहिलेल्या फाइलीत 'सिंक' च्या जागी 'एसिंक' करायचं. एक अक्षर जोडलं की झालं, एक रुपया खर्च नाही. आता कारकून रजिस्टर उघडायच्या आधीच शिक्का मारून मोकळा. कमिट म्हटलं तरी 'झालं की वो' म्हणतो आणि चहाला जातो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा: पक्का शिक्का मिळाल्यामुळे क्लायंट पिशवीतली आपली प्रत फाडून टाकतो. हा पर्याय प्रोटोकॉलचं उल्लंघन करतो असं त्याच्या माहितीपानातच स्वच्छ लिहिलंय. लिनक्सच्या एनएफएस-युटिल्समध्ये १.०.० आवृत्तीपर्यंत हाच पर्याय न मागता मिळायचा. त्यानंतर सिंक आला. शहाणपण उशिरा आलं, पण आलं.

लॅबमध्ये मात्र स्वर्ग अवतरला. चक्कर गायब. बटण दाबलं की सेव्ह. फिजिक्सचे सर स्वतः येऊन दोनदा सेव्ह करून गेले. असिस्टंटला भाऊसाहेबांनी चहा पाजला, ही गोष्ट त्या ऑफिसात सहसा घडत नाही.

मग दुपारी लाईट गेली. सर्व्हरला यूपीएस होता, नाही असं नाही. पण त्याची बॅटरी कधीचीच वारली होती, आणि लाईट गेल्यावर 'टुंई' असा आवाज करून लाईट गेल्याची बातमी देणं एवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं. ते त्याने चोख केलं. लाईट आल्यावर फाइली होत्या. नावं होती, तारखा होत्या. आत शून्य बाइट. शेवटच्या वर्षाच्या एका ग्रुपचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात होता, आणि तो ग्रुप पहिल्यांदाच खरं बोलत होता की आम्ही लिहिला होता, सर. त्यांच्यावर कुणाचा विश्वास बसेना. असिस्टंटने गुपचूप एक अक्षर काढून टाकलं आणि चक्कर पुन्हा आपल्या जागी आलं. सेव्ह पुन्हा उशिरा, पण शिल्लक राहणारं.

लेखनाच्या वेगाची ही अडचण जुनीच आहे, आणि आपल्याकडे तिचा पहिला करार व्यासांनी केला. गणपती म्हणाला, लेखणी थांबली तर मी उठेन. व्यास म्हणाले, ठीक, पण समजल्याशिवाय लिहायचं नाही. देणाऱ्याने मध्येमध्ये अवघड श्लोक टाकून घेणाऱ्याला गुंतवायचं आणि तेवढ्यात पुढचं जुळवायचं, ही दोन्हीकडच्या वेगाची वाटाघाट आजच्या कुठल्याही सर्व्हरला शोभेल. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात काम करणाऱ्यांनी एनएफएसचा एक सर्व्हर लिहिला आणि २००७ साली तो सगळ्यांसाठी खुला केला. त्याचं नाव त्यांनी गणेशाच ठेवलं, एनएफएस-गणेशा. देगलूरच्या लॅबमध्ये तो बसवावा का, असं असिस्टंटने मला विचारलं. मी म्हटलं, वाहन आधीच येऊन बसलंय, केबल खातंय. देव नंतर आणू.

खरं औषध गणपतीइतकं नसलं तरी बरंच जुनं आहे. पक्कं लिहिणं हळू, आणि कच्चं लिहिणं धोक्याचं; तर मधे अशी जागा हवी जी वेगवान असेल आणि लाईट गेली तरी विसरणार नाही. १९८९च्या सुमारास प्रेस्टोसर्व्ह नावाचं कार्ड याचसाठी निघालं: थोडी मेमरी आणि तिला बॅटरी. १९९२ साली सुरू झालेल्या नेटॲपने आपला सगळा धंदा बॅटरीवाल्या मेमरीच्या आणि तिला साजेशा फाईल सिस्टिमच्या जोरावर उभा केला. आज तेच काम कपॅसिटर असलेली एसएसडी करते. लाईट गेली तर हातातला मजकूर उतरवून ठेवण्यापुरती वीज तिने अंगात राखलेली असते. अशी डिस्क 'लिहिलं' म्हणते तेव्हा ते लवकरही असतं आणि खरंही असतं.

तेवढीच एक वस्तू घ्यायची होती. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं: एक नांदेडचं, एक निजामाबादचं, एक हैदराबादचं. नांदेडवाल्याने कपॅसिटर नसलेली डिस्क लिहून दिली, निजामाबादवाल्याने कपॅसिटर पंख्याचा असतो असं फोनवर सांगितलं, आणि हैदराबादचा दर बरोबर होता पण त्यावर सही नव्हती. खरेदी समितीत एका सदस्याने विचारलं की भाच्याच्या लॅपटॉपमध्ये हीच वस्तू निम्म्या पैशांत बसली, मग इथे का नाही? कपॅसिटर, लाईट, पक्की नोंद असं सगळं समजावून झाल्यावर ते म्हणाले, "म्हंजे लाईट गेल्यावरच कळणार की चांगली का वाईट." मला हे वाक्य खोडता आलं नाही.

डिस्क आली. होम फोल्डरं तिच्यावर हलवली, यूपीएसला नवी बॅटरी घातली, फायरफॉक्सला ज्याच्या त्याच्या मशिनीत कोंडलं. चक्कर दिसेनासं झालं. आणि लॅबच्या समाजजीवनाचा एक खांब कोसळला, कारण 'सेव्ह होऊलालंय' ह्या सबबीवर कित्येक असाइनमेंटा तगून होत्या. काही लेकरं दोन दिवस खरोखर कावरीबावरी झाली.

डिस्क बदलताना आधीपासून चालू राहिलेल्या दोन-चार मशिनींवर 'स्टेल फाईल हँडल' असा एक एरर आला होता. क्लायंटच्या हातात जुन्या डिस्कवरच्या फाइलीची खूण राहते, सर्व्हरकडे ती फाईल त्या खुणेवर नसते, आणि तो म्हणतो, हे शिळं आहे. मशीन बंद करून चालू केलं की जातो. शिपाई मामांनी तसं केलंही, आणि ते तेव्हापासून माझ्याशी बरोबरीने बोलतात.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी एका पोराने मला व्हरांड्यातच गाठलं. मोबाईलवर त्याच एररचा फोटो दाखवत म्हणाला, "सर, प्रोग्रॅम पूर्ण झालता बगा, पण हँडल शिळं झालं." परीक्षा सुरू व्हायला अजून अर्धा तास होता.